काटेकाकांची डोकेमोजणी

काटेकाकांना एक खोड होती आणि तिनेच त्यांचा घात केला. पाण्याचं मीटर वाचायला गेले की घरात माणसं किती, हेही ते विचारून घेत. पाणीपुरवठा खात्याने त्यांना हे सांगितलेलं नव्हतं. पेटीचं झाकण उघडायचं, फडक्याने काच पुसायची, काटा बघून आकडा उतरवायचा आणि पुढच्या दाराला लागायचं, एवढीच नोकरी. पण काकांचं म्हणणं, नुसत्या आकड्यावरून काय कळतं? चार माणसांच्या घरात चाळीस माणसांचं पाणी जात असेल तर नळ कुठेतरी गळतोय. घोडं कुठे पेंड खातंय ते कळायला आधी डोकी माहीत हवीत. म्हणून सव्वीस वर्षं त्यांनी स्वतःच्या वहीत एक जादा रकाना आखला होता. त्यातून तान्हं मूलसुद्धा सुटत नसे. बायको म्हणायची, "तुमच्यासमोर शिंकायची भीती वाटते. एकाची दोन माणसं लिहाल."

टेकडीवरच्या वसाहतीत एका बंगल्यात नवरा-बायको दोघंच राहत, आणि काटा मात्र पंख्यासारखा गरगरत असे. काकांनी तिथली गळती तीनदा लिहून कळवली. तिसऱ्या खेपेला खात्याचा प्लंबर वैतागून परत आला.

"काका, गळत काही नाही हो! हिरवळ आहे, पोहायचा हौद आहे, दोन गाड्या रोज धुतात. वापरतात ते."

काकांना खरंच वाटेना. इतकं पाणी कुणी जाणूनबुजून वापरत असेल हे सव्वीस वर्षांत त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. भल्या माणसाची बुद्धी अशी नको तिथे कमी पडते.

काका स्वतः टेकडीच्या पायथ्याच्या गल्लीत राहत. दोन खोल्या, मागच्या दारी एक नळ, आणि त्या एका नळावर नऊ माणसं. सकाळी तासभर पाणी यायचं तेवढ्यात अंघोळी, धुणी, भांडी सगळं उरकायचं. सूनबाई भाजी धुतलेलं पाणी फरशीला वापरत आणि फरशीचं दारातल्या झाडाला घालत.

त्या वर्षी तलाव आटला. कचेरीत नवे साहेब आले होते. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, की काटेकाकांकडे घरोघरची माणसं लिहिलेली आहेत. साहेबांनी वही मागितली. काकांना केवढा आनंद! एकदाचं कुणीतरी विचारलं. चार दिवस बसून त्यांनी सुवाच्य अक्षरात सगळं उतरवून काढलं. एका रकान्यात माणसं, शेजारच्यात पाणी. स्वतःच्या घरापुढे नऊ लिहिताना त्यांचा हात जरासुद्धा अडखळला नाही.

पंधरा दिवसांनी हुकूम निघाला. पायथ्याच्या गल्लीत माणसांची फार दाटी, तिचा तलावावर ताण पडतो, म्हणून तिला पाणी एक दिवसाआड. टेकडीवर दाटी नाही, तिथे रोज. नोटीस डकवायचं काम काकांनाच मिळालं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, पण इथे दोरसुद्धा संन्याशाच्याच गल्लीतल्या माणसाने वळून दिला होता.

काका तडक साहेबांच्या खोलीत गेले. "साहेब, शेजारचा रकाना बघितलात का? आमच्याकडे माणशी दिवसाला तीन बादल्या पाणी लागतं. टेकडीवर साठ!"

"काका, तुम्ही फार खोलात शिरता. एकेका घरात नऊ-नऊ माणसं! तलाव पुरणार कसा?"

"नऊ जण मिळून सत्तावीस बादल्या वापरतो आम्ही. वर एकटा माणूस साठ उडवतो."

"त्यांची घरं मोठी आहेत. मोठ्या घराला लागणारच." साहेबांनी कागद पुढे सरकवला. "आणि हे आकडे तुमचेच ना?"

"माझेच."

"मग झालं तर."

पालथ्या घड्यावर पाणी! माणसं वाढली हे काका कुठे नाकारत होते? त्यांच्याच घरी दोघांचे नऊ झाले होते आणि "आता पुरे" असं त्यांनीच दोन्ही मुलांना बजावलं होतं. पण तलाव कुणी प्यायला हे समोर लिहिलेलं असताना साहेबांनी नेमका अर्धा कागद वाचावा, याचा त्यांना असा संताप आला की जिना उतरताना हातातली छत्री त्यांनी भिंतीवर आपटली. छत्रीची काडी मोडली. हुकूम तसाच राहिला.

घरी बायको म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण! कुणी मागितली होती तुमची ती मोजदाद?"

पुढच्या महिन्यात दुसरा हुकूम आला. डोकी पुन्हा मोजून आणा, गल्लीत माणसं वाढलेली दिसली तर पाणी दोन दिवसांआड. या वेळी छापील फॉर्म होता आणि त्यात एकच रकाना होता.

पहिलं दार शेजारच्या शिवणवालीचं. तिच्याकडे सहा माणसं: ती, नवरा, सासू आणि तीन मुली. धाकटी जन्मली तेव्हा मीटर बघायला आलेल्या काकांच्या हातात तिने ते बाळ हौसेने दिलं होतं. आज तिने दार अर्धंच उघडलं.

"किती माणसं?" काकांनी मान खाली घालून विचारलं.

"दोन."

"सासूबाई?"

"लेकीकडे गेल्या."

"मुली?"

"मामाकडे." ती काकांच्या नजरेला नजर देईना.

कोपऱ्यात पाण्याचं मोठं पिंप होतं. पाण्याचा दिवस नव्हता, ते कोरडं ठणठणीत असणार. तरी त्याच्यावर झाकण होतं आणि झाकण हलत होतं. मग आतून घुमल्यासारखा बारीक आवाज आला, "आई, काका गेले का गं?"

शिवणवालीचा चेहरा पांढराफटक पडला. काकांना जन्मात इतकी लाज वाटली नव्हती. सव्वीस वर्षांत त्यांनी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता.

"गेले," काका म्हणाले, आणि फॉर्मवर दोन लिहिलं.