गायरानातले छर्रे

चौऱ्याऐंशीच्या सुमारास मी भोकरदन तालुक्यातल्या एका गावी शाळामास्तर होतो. गावाच्या वर डोंगराला लागून गायरान आणि त्याच्या पायथ्याशी पाझर तलाव. तिथं कुणाला आडकाठी नव्हती. ज्याला हवं त्यानं गळ टाकावा, ज्याच्याकडे बंदूक त्यानं ससा-तितर मारावं. वरच्या अंगाला मात्र जंगल खात्याची हद्द होती. तिथं गवताची काडी कापली तरी दंड होई.

गावातले म्हातारे शिंपी माझे सोबती. सगळे त्यांना चाचा म्हणत. पीक राखायच्या परवान्यावर त्यांच्याकडे एक जुनी ठासणीची बंदूक होती. रविवारी सकाळी आम्ही दोघं तलावावर जायचो. चाचा गळ टाकून बसत, मी बंदूक घेऊन गायरानात फिरे.

त्या रविवारी थंडी होती. दिवस कासराभर वर आलेला. हद्दीच्या दगडापाशी कमरेइतकं गवत हललं. ससा एवढं गवत हलवत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी बार काढला.

धूर विरायच्या आत आवाज आला. ओरडण्याचा नाही. ओरडणं तोंडातच दाबून धरल्याचा. मग गवत सळसळत डोंगराकडे गेलं आणि वर कुठंतरी थांबलं.

मी धावलो. दगडापाशी अर्धवट बांधलेली गवताची पेंढी होती आणि पात्यांवर रक्त. चाचा धापा टाकत आले, खाली वाकले.

"गुरुजी, जनावर पेंढी बांधत न्हाई."

आम्ही दुपारपर्यंत हाका मारत फिरलो. "घाबरू नका, ओ द्या," असं मी ओरडत होतो. कुणी ओ दिली नाही.

"पोलिसात जायचं का?" मी विचारलं.

"बिलकुल जाऊ. पर सांगायचं काय? आधी मानूस तर सापडू द्या."

हे ऐकून मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज अजून गेलेली नाही. आम्ही पोलिसात गेलो नाही.

आता राखण होत नाही, असं सांगून चाचांनी बंदूक ठाण्यात जमा केली आणि गळही टाकायचं सोडलं. मी आठवडी बाजारात माणसांचे पाय बघत उभा राहायचो, कोण लंगडतंय म्हणून. शाळेत एखादं पोर दोन दिवस आलं नाही की काहीतरी निमित्त काढून त्याच्या घरी जायचो. वर्गात कुणी हसू दाबलं तरी माझ्या हातातला खडू थांबे. दोन-तीन वर्षांनी चाचा गेले. शेवटच्या भेटीत त्यांनी एवढंच विचारलं, "कळलं का काही?" मी मान हलवली, नाही.

पुढे माझी बदली झाली. निवृत्तीनंतर, दोन हजार तीन-चारला, त्या गावच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मला जालन्याला घरी जेवायला बोलावलं. त्याची म्हातारी आई भिंतीला टेकून, एक पाय लांब करून बसली होती. मी पायाकडे बघितलं. तिनं ते ओळखलं.

"डोंगरात लागलं व्हतं, गुरुजी. चोरून गवत कापून राह्यले व्हते. वाटलं, गार्डानंच बार काढला."

तीच पुढं म्हणाली, "तुमची हाक आली ना, मंग तर आनखीच दडले. म्हनलं, गुरुजींनी वळखलं तर पोराचं शाळेतलं नाव काढतील. दुसऱ्या दिशी ह्याला मुद्दाम शाळेत धाडला."

खरंच, त्याचा एक दिवसही चुकला नव्हता. म्हणून तर मी त्या घरी कधी गेलो नव्हतो.

"तो बार माझा होता," मी म्हणालो.

तिनं माझा हात धरून आपल्या पोटरीवर ठेवला. कातडीखाली बारीक, कडक गाठी लागल्या.

"हितं एक हाये. हितं दोन. थंडीत दुखत्यात." मी हात काढून घेणार तोच तिनं तो आणखी थोडा वेळ तसाच दाबून धरला. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही.

दारात तिचा मुलगा ताटं घेऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं ताटं मांडली, मला आग्रह करून वाढलं, नंतर स्टँडपर्यंत पोचवायलाही आला. एसटी हलली तेव्हा तो खिडकीखालीच उभा होता, माझ्याकडे न बघता.