पॅकिंगचे तुकडे

दादाच्या लोखंड कातायच्या छोट्या लेथवर टूल बदलणं म्हणजे खटाटोप असायचा. टोक सेंटरच्या उंचीला येईपर्यंत टूलखाली पॅकिंग म्हणून हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे घालायचे, काढायचे, पुन्हा घालायचे. मशीन गप्प झालं की वहिनी चहा टाकायची आणि दोघं उंबऱ्यात बसून तो प्यायची.

आता त्याने घरीच टूल धरणारा नवा टूलपोस्ट बनवलाय. प्रत्येक टूलची उंची आधीच बांधलेली असते. दांडी फिरवली की झालं. काल मशीन थांबलं तसं वहिनीने आधण ठेवलं. पाणी तापायच्या आत घरघर पुन्हा सुरू.

वाचलेला वेळ कुठे साठतो, ते मला तरी कधी दिसलेलं नाही.

"हे तुकडे टाकून देऊ?" वहिनीने पॅकिंगचा डबा उचलत विचारलं.

"राहू देत," म्हणत दादाने मशीन बंद केलं. टूल बदलायचं नव्हतं.