सात नंबरची खुंटी

रानात नांगर घातला की दरसाल नवे दगड वर येतात. गेल्या साली वेचलेलेच परत आले की काय, असं वाटतं. टेकडीच्या मोजणीच्या गोष्टींचं माझं तसंच झालंय. एक सांगायला बसले की चार वर येतात.

आमचं गाव कर्नाटकात, आळंदच्या अलीकडं, टेकडीच्या पोटाला. मागं जमीन दोनदा हादरली. घर एकही पडलं नाही, पण टेकडीच्या माथ्यावर लांबलचक भेग पडली. भेगेच्या बरोबर खाली सहा घरं, आणि त्यातलं पहिलं माझ्या थोरल्या भावाचं, अप्पाचं. पावसाळ्यात टेकडी टिकेल का घसरेल, हे बघायला बंगळूरहून एक म्याडम आल्या. त्या कन्नड बोलायच्या, अप्पा हट्टानं मराठीच बोलायचा. म्हणून मधे बोलायला आणि मोजपट्टी धरायला मला घेतलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझा फॉर्म भरायला घेतला. "अक्का, शाळेत गेला होता का?"

"व्हय की. भिंत बांधायला."

वाचायला मी सिमेंटच्या पोत्यांवरून शिकले, तेही सांगितलं. फॉर्मात त्याला चौकोन नव्हता.

*

घरोघर एकच प्रश्न होता: हादरा बसला तेव्हा काय केलंत? कुणी म्हणे पळालो, कुणी म्हणे देवाचं नाव घेतलं.

अप्पा म्हणाला, "म्हशीला शिव्या घातल्या."

"कामून?" मी विचारलं.

"मला वाटलं, तीच खुंटा हलवायलीय."

म्याडमनी गंभीरपणे लिहून घेतलं. "आणि दुसऱ्या हादऱ्याला?"

"तवाबी तिलाच. एकदा सांगून ऐकत न्हाई म्हणून."

*

भेग रुंदावते का, ते बघायला म्याडमनी तिच्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवली. भेग सरकली की काच तडकणार. दुसऱ्या दिवशी काचच गायब! पुढं ती एका घरात देवाच्या फोटोवर बसवलेली सापडली.

मग मी शेणमाती कालवली, भेगेवर हातभर पट्टा सारवला आणि पावसासाठी वर पत्रा ठेवला. भिंतीला तडा गेला की आम्ही बायका हेच करतो. तडा जिता असला की सारवण उकलतं.

"अक्का, हे रिपोर्टात काय म्हणून लिहू?"

"लिव्हा, लोकल मटेरियल. चोरीला जात न्हाई."

त्यांनी खरंच लिहिलं.

*

धोक्याची हद्द दाखवायला घरांच्या पुढं लाल खुंट्या ठोकल्या, नंबर घालून. खुंट्यांपासून टेकडीकडची घरं पावसाआधी सोडायची. पाच घरं शाळेत राहायला गेली. अप्पा हलेना. सात नंबरची खुंटी त्याच्याच अंगणात होती.

एका सकाळी म्याडम पांढऱ्याफटक होऊन आल्या. सात नंबर सरकली, खुंट्यांची जागा मोजायचं मशीन दाखवतंय. बंगळूरला फोन करायला निघाल्या.

"किती सरकली?"

"पंचवीस पावलं."

"कुणीकडं?"

त्यांनी मशीन बघितलं. परत बघितलं. "वर."

"म्याडम, दरड खाली येती. वर चढणारी दरड आमच्याच घरात जन्मलीय. चला, भेट घालून देते."

अप्पा दारात तंबाखू मळत बसला होता. खुंटी घराच्या मागं.

"आता आमचं घर हद्दीच्या भाईर. तिला सांग, काळजी करू नगं."

"खुंटी हलवली की टेकडी थांबती व्हय, अप्पा?"

"टेकडी म्याडमची खुंटी मानती, मग माझी कामून मानायची न्हाई?"

हे कन्नडात कसं सांगायचं, ते मला आजही जमलेलं नाही.

*

मग दोन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या सकाळी पत्रा उचलला, तर शेणाचा पट्टा मधोमध उकललेला. बोट आत जात होतं.

म्याडमनी अप्पाच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. तो एकच म्हणे, "बापानं बांधलंय."

मी गोठ्यात गेले, म्हैस सोडली आणि शाळेची वाट धरली.

"ए सोजर! कुठं न्यायलीस तिला?"

मी दावं ओढत पाय उचलला.

"चोरटे! सख्ख्या भावाची म्हैस पळवायलीस!"

तो अनवाणी, काठी घेऊन माझ्यामागं. शाळेच्या फाटकात त्यानं मला गाठलं. दाव्याचं एक टोक त्याच्या मुठीत, एक माझ्या. पाची घरची माणसं व्हरांड्यातून बघत होती. म्याडम मधे उभ्या. आणि तेवढ्यात मागून आवाज आला, टिपरमधून खडी ओतावी तसा.

चिखल थांबला तेव्हा अप्पाचं घर दिसत नव्हतं. त्यानं दावं सोडलं नाही. मीही नाही.

आठवड्यानं म्याडम परत मोजायला आल्या. बाकीच्या खुंट्या मिळाल्या, सातवी मिळेना. शोधत शोधत शाळेच्या मागं आल्या, तर तिथं अप्पानं ती चिखलातून उकरून आणून ठोकलेली. म्हैस तिलाच बांधलेली.

"ही माझी खुंटी आहे," म्याडम कन्नडात म्हणाल्या.

मी मराठीत सांगायच्या आत अप्पानं दाव्याची गाठ आवळली. "लिव्ह म्हणावं तिला. सात नंबर आता हलायची न्हाई."