सुशीलाबाईंनी विमानांचे बाक बदलले

सुशीलाबाईंनी जामबागच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. त्यांच्या वर्गात पंखासुद्धा परवानगी घेऊन फिरायचा, असं मुलं म्हणत. शाळा सुटली, पण 'बाई' हे नाव काही सुटलं नाही. नवरा नरहरराव वकील, कोर्टात भल्याभल्यांना न जुमानणारा; घरात मात्र तोही त्यांना 'बाई'च म्हणे.

मुलानं, विकासनं, शहराबाहेर विमानतळाजवळ फ्लॅट घेतला आणि दोघांना चिक्कडपल्लीच्या जुन्या घरातून उचलून तिकडे नेलं. मोकळी हवा मिळेल म्हणाला. हवा मिळाली, पण त्या हवेत विमानं होती. चिक्कडपल्लीला खिडकीखाली भाजीवाले ओरडत, बसचे हॉर्न वाजत, तरी नरहरराव खुशाल घोरत. इथे दुपारी डोक्यावरून विमान गेलं की दचकून उठत. मार्चमध्ये त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि दुपारची दोन तासांची झोप हेच औषध, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून प्रत्येक विमानामागोमाग बाई दारातून डोकावत. नरहरराव डोळे न उघडता एक बोट वर करत. "हजर, बाई!" बाई हसत खऱ्या, पण काळीज जरा थाऱ्यावर येतंय तोवर पुढचं विमान येई.

अशात विमानांच्या आवाजाचा बंदोबस्त करायला सरकारनं एक नियामक नेमला. त्याच्या समितीवर रहिवाशांमधला एक सदस्य हवा होता. कॉलनीचे अध्यक्ष हणमंतराव यांनी दुसरं नाव निघूच दिलं नाही. "गप्प बसवायचंय ना? मग बाईंबिगर कोण?"

काम तसं सोपं होतं. वारा पडलेला असला की विमानं धावपट्टीच्या कुठल्याही टोकाकडून उडू शकतात. एका टोकाला कॉलनी, दुसऱ्या टोकाला एक खेडं; आजवर काही इकडून जात, काही तिकडून. दुपारची सगळी विमानं खेड्यावरून सोडावीत, असा कागद तयार होता. बाईंची सही तेवढी बाकी होती.

"हौ म्हणा आणि ठोका सही," हणमंतराव म्हणाले. "लई सोचू नका. आपल्या तक्रारी चारशे बारा. तिकडची एक बी नाही."

बाईंनी पेन उघडलं. शांत झोपलेले नरहरराव डोळ्यांपुढे आले. सही करायचीच होती त्यांना, अगदी मनापासून. पण 'एक बी नाही' पाशी पेन अडलं. वर्गातलं जे पोर कधीच तक्रार करत नाही, त्याच्या घरी बाई हटकून जाऊन येत. सवय वाईट, पण जुनी. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी छत्री घेऊन त्या खेड्यात पोचल्या. पहिल्याच घरात यादम्मा नावाची आजी साडीच्या झोळीत वीस दिवसांच्या नातवाला झोके देत होती. विमान गेलं, भांडी थरथरली आणि पोरानं टाहो फोडला.

"ऐसाच है अम्मा," यादम्मा म्हणाली. "सोताच नै."

"फिर कंप्लेंट कायकू नै करे?"

"किसकू करना?"

तक्रार मोबाइलवर करायची होती, तीही इंग्रजीत. कॉलनीनं घरबसल्या चारशे बारा केल्या होत्या. बाई घरी आल्या त्या संतापून, आणि संताप होता स्वतःवर. काल पेन उघडलं होतं त्यांनी.

बैठकीत त्या उभ्या राहिल्या. "माझ्या वर्गात दर सोमवारी बाक बदलत. उन्हातला बाक कुणालाच कायमचा नाही. इथेही तेच करा. एक आठवडा आम्ही, एक आठवडा ते. पहिला आमचा."

नियामक साहेबांनी थोडा विचार केला आणि होकार दिला. हणमंतराव मात्र कपाळाला हात लावून बसले. "आपलीच बाई, आन् आपल्याच डोक्यावर विमान!"

खरी परीक्षा घरी होती. बाईंनी सगळं सांगितलं. नरहररावांनी चष्मा काढून पुसला. "नवऱ्याच्या विरुद्ध निकाल? अपील कुठे करायचं?"

"स्वयंपाकघरात. फेटाळलं जाईल."

ते मनापासून हसले. बाईंना हसू येईना. उद्या या माणसाला काही झालं तर तो 'बाक' आपण दिलेला असेल, या विचारानं त्यांनी त्यांच्या औषधाच्या गोळ्या दोनदा मोजल्या.

सोमवार उजाडला. दोन वाजून दहा मिनिटांनी पहिलं विमान छपरावरून गेलं. हातातली पळी टाकून बाई दाराकडे धावल्या. नरहरराव निपचित पडले होते. बोट वर नाही, काही नाही. बाईंनी चौकट घट्ट धरली.

मग बोट सावकाश वर आलं.

"हजर, बाई," डोळे मिटूनच ते म्हणाले. "तिकडचं पोर झोपलं का, तेवढं विचारा."