कमरीपेठेतल्या गच्चीवरचं पाणी

“तिथं राहणाऱ्यांना विचारलंस का?” हा प्रश्न आमच्या मॅडमच्या तोंडी इतका बसला होता, की मुलं तो त्यांच्या आधीच फळ्यावर लिहून ठेवत. मॅडम यायच्या, वाचायच्या, राहिलेलं प्रश्नचिन्ह खडूनं घालायच्या आणि शिकवायला लागायच्या. असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. चिडवावं म्हटलं तर हाती काही लागत नाही.

हुबळीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या इमारतींचं तंत्र आणि सौर ऊर्जा शिकवायच्या. राहायला धारवाडात, सप्तापूरला. रोज बसनं येणं-जाणं. त्यांचा पहिला तास वर्गात कधीच झाला नाही. भर दुपारी दोनला सगळ्यांना कॉलेजच्या गच्चीवर न्यायचं आणि चपला काढायला लावायच्या. अर्ध्या गच्चीला चुना लावलेला, अर्धी तशीच. साध्या काँक्रीटवर मुलं नाचायला लागली की चुन्यावर बोलवायचं, आणि तळपायांना काय कळलं ते वहीत लिहायला सांगायचं. सूत्र दुसऱ्या दिवशी.

तोंडी परीक्षेला गेटवरचे वॉचमन अण्णा हे त्यांचे परीक्षक. कडक उन्हात सोलर पॅनेल फार तापलं की वीज उलट कमी का होते, हे अण्णांना कानडीत समजावायचं. त्यांनी मान हलवली तरच मार्क. मी दोनदा नापास झाले, कारण अण्णा मान हलवण्यात फार चिक्कू होते.

एम.टेक.ला मी मॅडमकडेच प्रबंध घेतला. कमरीपेठेत शेजारीशेजारी दोन सारखी घरं शोधली. एकाच्या गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग लावला, दुसरं तसंच ठेवलं. उन्हाळाभर आठवड्यातून तीनदा दुपारी जाऊन दोन्ही घरांच्या छताचं तापमान मोजायचं. रंगवलेल्या घरात एक अज्जी राहायच्या. मी गेले की ताक द्यायच्या आणि शिकून काय होणार म्हणून विचारायच्या.

माझे आकडे अप्रतिम आले. रंगवलेलं छत इतकं गार, की मीच हरखून गेले. मॅडमनी आलेख पाहिला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी हो म्हणाले. खरं तर मी अज्जींना ताकाव्यतिरिक्त कशाबद्दलच काही विचारलं नव्हतं. पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचा होता, आणि पदवी वेळेत हाती आली तरच बेंगळुरूची नोकरी माझी होती.

एवढा फरक पाहून मॅडमना चैन पडेना. एक दिवस न सांगता, माझ्या वेळेच्या तासभर आधी त्या कमरीपेठेत गेल्या. अज्जी गच्चीवर कळशीनं पाणी ओतत होत्या. मी यायच्या दिवशी त्या ते नेमानं करायच्या. पोरगी उन्हातून येते, तिचं यंत्र गार झालं की ती पास होईल, असा त्यांचा हिशेब. हुबळीत नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, हे इथल्यांना सांगायला नको. अज्जी साठवणीचं पाणी माझ्या पास होण्यावर ओतत होत्या.

मॅडमनी मला हे सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, “पण हे कुणाला कळणार आहे, मॅडम?” आजही ते आठवलं की लाज वाटते.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “तुझा प्रबंध वाचून कुणीतरी पैसे जमवून गच्ची रंगवेल की गं. खोली काही एवढी गार व्हायची नाही. त्याला काय सांगायचं?”

उन्हाळाभराचे आकडे रद्द झाले. मुदत मागण्याच्या अर्जात त्यांनी लिहिलं, “चूक माझी, मार्गदर्शक म्हणून मी स्वतः जाऊन चौकशी करायला हवी होती.” माझ्या खोट्या ‘हो’बद्दल एक अक्षर नाही. नोकरी गेली. मी चार महिने त्यांच्याशी धड बोलले नाही, आणि त्यांनी ते चालवून घेतलं.

पुढचा उन्हाळा आला तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या. तरी पहिल्याच दिवशी छत्री घेऊन अज्जींच्या दारात माझ्या आधी हजर. पाणी ओतायचं नाही, हे अज्जींना पटवायला त्यांना अख्खी दुपार लागली. त्या उन्हाळ्यात त्या बसनं किती वेळा आल्या याला गणती नाही. छत गार झालं, पण थोडंच. मी हिरमुसले. त्या म्हणाल्या, “थोडं तर थोडं. आहे तेवढंच लिही.”

निवृत्त माणसाला मार्गदर्शक राहता येत नव्हतं, म्हणून प्रबंधावर दुसऱ्या सरांचं नाव आलं. माझी तोंडी परीक्षा चालली होती तेव्हा मॅडम बाहेर बाकावर बसून होत्या. मी पास होऊन बाहेर आले, तर अभिनंदन राहिलं बाजूला, “अज्जींना कळवलंस का?” म्हणाल्या. आम्ही दोघी तशाच बसनं कमरीपेठेत गेलो.

मॅडम जाऊन दोन वर्षं झाली. मी आता इथंच शिकवते, आणि जे काही बरं शिकवते ते त्यांचं आहे. त्यांनी मला त्या पहिल्या उन्हाळ्यात सोडून दिलं असतं, तर मी आज बेंगळुरूत असते आणि माझ्या ‘हो’वर कुणी विश्वास ठेवावा अशा लायकीची नसते.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी त्यांच्यावर पानभर लिहिलं होतं. त्यांनी लाल पेननं ते सगळं खोडलं आणि तिथं अज्जींचं नाव घालायला लावलं. त्यामुळे त्या प्रबंधात मॅडमचं नाव कुठंच नाही. म्हणून हे लिहिलं. यातही नाव घातलेलं नाही. त्यांनी खोडलंच असतं.