बायाँ, बायाँ!

आमच्या गोडाऊनमध्ये माल कधी साठत नाही. सकाळी आलेलं पार्सल संध्याकाळी गाडीत चढतं. साठतात ते किस्से! त्यातले निम्मे हल्ली त्या ढोलाच्या गेमचे असतात, आणि त्याला जबाबदार मीच.

झालं असं की मी दिघाशीहून मानकोलीला ड्युटीवर येताना रिक्षातून पडले आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण मूठ वळेना. स्कॅनरच्या लाईनवरून मला उचलून बसायच्या कामाला लावलं. डॉक्टर म्हणाले, "रबरी बॉल दाबत राहा." बॉल दाबून दाबून मला बॉलचाच राग यायला लागला.

माझी मैत्रीण स्मिता एका रविवारी मला भिवंडीतल्या गेम झोनमध्ये घेऊन गेली. तिथे एका मशीनला दोन मोठे ढोल आणि वर स्क्रीन. गाणं सुरू झालं की स्क्रीनवर गोळे पळत येतात. लाल आला की ढोलाच्या मध्ये काठी मारायची, निळा आला की काठावर.

मी म्हटलं, "बॉलपेक्षा हे बरं!"

स्मिता म्हणाली, "मी नाही बाई, लोक बघतायत."

तेवढ्यात बुरख्यातली एक बाई पुढे आली. खालच्या टेलरकडे तिचा ड्रेस तयार व्हायचा होता, म्हणून वेळ काढायला वर आलेली. म्हणाली, "दो ढोल हैं. मैं खड़ी हो जाऊँ?"

खेळलो. दोघीही सपशेल नापास. स्क्रीनवरचा कार्टूनचा ढोल डोळ्यांतून धारा काढून रडायला लागला!

ती बाई त्याच्याकडे बघत म्हणाली, "रोने दो कमबख़्त को. फिर से लगाओ!"

ही शमीमआपा.

*

मग दर रविवारी दुपारी आमचं ठरूनच गेलं. आपाच्या लगेच लक्षात आलं, की माझा डावा हात मागे राहतो. उजवा दोन वाजवून मोकळा होतो तेव्हा कुठे डावा उठतो. गाणं सुरू असतानाच ती ओरडायची, "बायाँ! बायाँ!"

एकदा तिचा आवाज जरा जास्तच चढला. तर पलीकडे थंडा पीत बसलेली स्मिता ग्लास टाकून धावत आली. तिच्यामागे अजून दोघी अनोळखी बायका.

"काय झालं? बाया बाया कोण ओरडतंय?"

*

आमचे सुपरवायझर पाटीलकाका अंजूरचे. मला स्कॅनरवर परत घ्यायचं की नाही हे त्यांच्या हातात. हा सगळा प्रकार त्यांच्या कानावर गेला आणि ते स्वतः बघायला आले.

"काय गो, ह्यो काय ढोल हाय? आमच्याकडं हलदीला ये, मंग दाखवतो!"

काठ्या घेतल्या आणि सुरू झाले. काय वाजवलं हो! सगळा गेम झोन नाचायला लागला. पण स्क्रीनवर लाल-निळे गोळे येत होते आणि जात होते, काकांनी एकाकडेही पाहिलं नाही. शेवटी मशीनने त्यांना नापास केलं.

काकांनी कपाळाचा घाम पुसला आणि मालकाला बोलावलं.

"रिपेर करून घे ह्याला. ताल न्हाय याला!"

*

मी हट्टाला पेटले होते. जेवणाच्या सुट्टीत डब्यावर वाजवायची, घरी उशीवर वाजवायची. आई म्हणायची, "उशीनं काय घोडं मारलंय तुझं?" एक दिवस गोडाऊनमध्ये समोर रिकामं खोकं समजून सुरू झाले. मागून पाटीलकाकांचा आवाज आला.

"अगो, काच हाय ना त्यान!"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "म्हणूनच काठावर वाजवतेय, काका!"

काका ओरडतील असं वाटलं होतं. पण ते माझ्या डाव्या हाताकडेच बघत राहिले. मग खिशातून स्वतःचा स्कॅनर काढून त्यांनी माझ्या तळव्यावर ठेवला. मी मूठ वळली. वळली पुरती!

"सोमवारपास्नं लायनीवर," एवढंच बोलून ते निघून गेले. मी बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडून आले.

*

हात बरा झाला, तरी एक हिशोब राहिलाच होता. सगळ्यात अवघड गाणं. आम्ही ते लावलं की कॉलेजची पोरं हसायची, "आंटी, वो हार्डवाला है!" एकालाही ते जमलेलं नव्हतं, तरी हसायची.

आपा म्हणाली, "ये रविवार को हो जाएगा. बस!"

त्या रविवारी गेम झोन खच्चून भरलेला. स्मिता आलेली, पाटीलकाकाही आलेले. आपाने उमेदीची सगळी वर्षं कापडाच्या लूमच्या खडखडाटात काढलेली, त्यामुळे ती कानाला मशीन लावते. गर्दीच्या गोंगाटाने तिचं डोकं उठलं, म्हणून तिने ते मशीन काढून पर्समध्ये टाकलं आणि काठ्या उचलल्या.

गाणं सुरू झालं. अर्ध्यापर्यंत कसंबसं पोचलो आणि फट् करून स्पीकर बंद! गाणं गप्प, फक्त गोळे पळतायत. मालक ओरडला, "थांबा, थांबा, परत लावून देतो!" माझे हात अर्ध्यावर थिजले. बाजूला पाहिलं, तर आपा थांबलेली नाही. नजर स्क्रीनवर, दात ओठांवर, दणादण वाजवतेय! मग मी कशी थांबू? तिच्या काठ्यांचा ठोका पकडला आणि सुटले. उजवा, डावा, डावा, उजवा. पोरांचं हसू बंद. सगळा झोन चिडीचूप, आवाज फक्त आमच्या चार काठ्यांचा.

शेवटचा गोळा गेला आणि स्क्रीनवर 'पास' आलं! स्मिता किंचाळली. पाटीलकाकांनी शिट्टी मारली. तीच पोरं पुढे येऊन आमचे फोटो काढायला लागली.

मालक धावत आला. "आपा, मान गए! आवाज़ बंद हो गई, फिर भी आप रुकी नहीं!"

आपाने पर्समधून मशीन काढलं, कानात नीट बसवलं आणि मला विचारलं, "क्या बोल रहा है?"

मी सांगितलं.

आपाने वळून स्पीकरकडे पाहिलं.

"बंद हो गई थी? कब?"