भिंतीवरचा चुकीचा चंद्र

गेल्या महिन्यातली कार्तिक वद्य सप्तमी. अक्काचं तेरावं उरकून तिचं कपाट आवरत होते. तेवढ्यात धरणगावच्या तिच्या शाळेतून फोन आला. उद्या सकाळी प्रार्थनेनंतर शोकसभा, अध्यक्ष धुळ्याहून येणारे जुने मुख्याध्यापक. "येते," म्हटलं आणि साड्या तशाच टाकून बसले...

अक्का, माझी मोठी बहीण, तिथं विज्ञान शिकवायची. तेव्हा मुख्याध्यापक असलेल्या या सरांनी केळीच्या ट्रकांवर नावं रंगवणाऱ्या पेंटरकडून शाळेच्या भिंतीवर चंद्रकला काढून घेतल्या आणि खाली लिहवलं, 'पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्र लहान-मोठा दिसतो.' अक्का म्हणाली, "सर, सावली फक्त ग्रहणात पडते." सर म्हणाले, "बाई, भिंतीचं उद्घाटन झालंय. आता चंद्रानं जुळवून घ्यावं." सगळी स्टाफरूम हसली.

अक्का वाद घालत बसली नाही. वद्य अष्टमीला सकाळी आठला तिनं वर्ग मैदानात नेला. पूर्वेला सूर्य, वर पश्चिमेकडे कललेला अर्धा चंद्र. तिनं चंद्राशेजारी दिसेल अशी एक मोसंबी उन्हात धरली. तीही तेवढीच अर्धी उजळ. "आते सांगा, हाई मोसंबीवर धरतीनी सावली पडनी का?" मुलांना कळलं. ऊन कायम अर्ध्याच चंद्रावर असतं. तो आपल्याभोवती फिरतो, तसा त्या उजळ बाजूचा कधी कमी, कधी जास्त भाग आपल्याला दिसतो. सरांनाही कळलं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिचं विज्ञान काढून शिवणकाम दिलं. निवृत्तीपर्यंत तिनं काजं-बटणं शिकवली. माझ्याजवळ एकदाच म्हणाली, "भिंत आजुन तशीच शे वं..." मी ते विसरले नाही. विसरायचंही नव्हतं.

शोकसभेची सकाळही वद्य अष्टमीचीच होती. सर त्याच भिंतीपुढे उभे राहून म्हणाले, "बाईंना मीच घडवलं." माझी पाळी आली. मी भाषण केलं नाही. त्यांच्या हातात मोसंबी दिली. "सर, त्या वरच्या, आभाळातल्या चंद्राच्या शेजारी धरा जरा." सगळी शाळा बघत होती, नाही म्हणता येईना. त्यांचा हात भरून आला, तरी मी तो खाली घेऊ दिला नाही. पाचवीतल्या एका मुलीला विचारलं, "मोसंबीवर सावली कोणाची?"

"कोणाचीच नाही. ती तिचीच उन्हाकडे नसलेली बाजू."

"सरांना कमी ऐकू येतं," मी म्हटलं. "पुन्हा सांग, मोठ्यानं."

तिनं सांगितलं. मी आणखी एकदा सांगायला लावलं.